दर्पण कॉलनीतील माती-शुद्धी

जे डोळ्यांना दिसत नाही ते आधी मारावं, हा स्वच्छतेचा पाया आहे. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या उद्यान समितीला हे सुचलं तेव्हा नानांना जाऊन महिना झाला होता आणि बागेच्या कोपऱ्यातली त्यांची वांगी माना टाकत होती. एक झाड उपटलं, तर मुळांवर गाठीच गाठी. सूत्रकृमी! सुईच्या टोकावर सभा भरवतील इतके बारीक (आणि समितीपेक्षा नियमित भरवतील).

अध्यक्ष पांडुरंगरावांनी उपाय मंजूर केला. मातीत औषध, वर प्लास्टिक, आत विषारी वाफ.

"काका, आणि नानांची रोपं?" नानांच्या मुलीनं, सीमंतिनीनं विचारलं. त्यांनी पेरलेलं शेवटचं बी आत्ता कुठे बोटभर वर आलं होतं.

"बेटा, किडीला नातंगोतं नसतं."

"पण रोपांना असतं नं!"

पांडुरंगराव विरघळले. "बरं, काढून घे. पण मातीसकट हं, मुळं दुखवू नकोस. आखिर नानांची निशाणी आहे."

रोपं मातीसकट गच्चीवर गेली, दह्याच्या रिकाम्या डब्यांत. खाली वाफ झाली. अहवाल आला: मातीतले शत्रू शंभर टक्के ठार, मित्र एकशे दहा टक्के (मित्र बेसावध असतात). माती इतकी शुद्ध झाली की गवतानंही तिथे यायचं धाडस केलं नाही. टाळ्या झाल्या.

गच्चीवर ऊन कडक. सीमंतिनी रोज रोपं मोजी आणि रोज एखादं कमी भरे. तेवढ्यात चैत्राचं हळदीकुंकू आलं.

"वाण म्हणून रोपंच लुटू गं," शेजारच्या उषाताई म्हणाल्या. "प्लास्टिकच्या डब्या देऊन देऊन जीव विटला. नाना घरोघरी राहतील!"

शेवटच्या वाक्यापुढे सीमंतिनीचं काही चाललं नाही. आंब्याची डाळ, पन्हं आणि एकेक रोप. जे कृमी जन्मभर सरपटून वीतभर जात नाहीत, ते एका संध्याकाळीत थेट शहराच्या दुसऱ्या भागात, हजीऱ्यापर्यंत पोचले, तेही सन्मानानं, हळदीकुंकू लावून.

महिन्याभरानं स्वतःसाठी ठेवलेलं रोप मोठ्या कुंडीत लावताना सीमंतिनीला मुळं दिसली. गाठीच गाठी. सगळ्यांना कळवायला हवं होतं. तिनं फोन उचलला, तोच तो वाजला.

"अगं, आमच्या नानांना कळी आली!" उषाताई ओरडत होत्या.

सीमंतिनीनं मुळांवर माती लोटली. "आली नं? पाणी घालत राहा, ताई."

वाचकहो, तुम्हाला तिचा राग आला असेल, तर तो रास्तच आहे. तुमच्याही गॅलरीत एक कुंडी असेल, कुणाच्या तरी आठवणीनं जिला रोज पाणी घालता. तिच्यातलं झाड आधी उपटून मुळं बघा. मग बोलू.