डोंगर झाकणारी तीन झुडपं

मातीशी नातं कसं जपावं, हे मी आजवर सहा देशांना पडद्यावर शिकवलंय! नव्या सिनेमाचं शेवटचं दृश्य तेवढं घरचं हवं होतं: किलिमांजारोचा उतार, वडिलांची केळीबाग आणि उघड्या हातांनी माती उकरणारा मी. शिवाय त्याच दुपारी भाऊबंद जमून वडिलांचा वाटा माझ्या हवाली करणार होते. एका फेरीत दोन कामं!

कॅमेरा लावला, तर समोर लांबट पानांची तीन झुडपं! सगळा डोंगर झाकला मेल्यांनी. उपटली, आजूबाजूची मातीही उकरली. तेही चित्रित केलं.

"एलिसांते! अरे, इसाले उपटलंस?" मांका आत्या किंचाळली.

"आत्या, नुसती झुडपं ती..."

"दोन बांधाची होती!" शेजारचे लेमा आजोबा काठी उगारत आले. "जमीन मिळायच्या आधीच बांध सरकवतोस?"

मी घाईघाईने इसालेचं एक पान तोडलं, गाठ मारली आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. हे पान पुढे आलं की आमच्यात माफी नाकारता येत नाही. आजोबांनी घेतलं, पण मेलेला उंदीर घ्यावा तसं.

"सुटलो बुवा!" मी म्हणालो.

"तिसरं बांधाचं नव्हतं," अनाएली काका म्हणाले. "तुझ्या बापाच्या उशाशी मी लावलं होतं. त्याची माफी त्याच्याकडे माग."

वडिलांना पुरलं त्या दिवशी मी परदेशात होतो. महोत्सवात, मायभूमीवर भाषण देत!

"काका, नेमकं कुठे?"

"तूच सांग. जमीन तुला हवीय ना?"

सगळीकडे मीच उकरलेली माती. गाठ मारलेलं दुसरं पान घेऊन केळींमधून तासभर फिरलो. वडील सापडेनात. फार लाज वाटली. शेवटी कॅमेऱ्यातच शोधलं; सगळे मागून वाकून बघू लागले. तिसरं झुडूप अगदी भिंगासमोर होतं. म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई वडिलांच्या छातीवर!

"तुझा हा पहिलाच सिनेमा कामाला आला," काका म्हणाले. कोणी हसलं नाही.

पान तिथेच ठेवलं, झुडपं परत लावलीत. जगली तर जमिनीचं बघू, असं ठरलंय. तोवर सहा देशांचा हा गुरू रोज सकाळी कुंपणाशी उभा राहून विचारतो, "लेमा आजोबा, पाणी किती घालायचं हो?"