सम्राट भिजत घातलाय

वीजबिलाच्या खिडकीवर बसणाऱ्या जावईबापूंनी एक दिवस ठरवलं, की कादंबरीतलं युद्ध नुसतं डोक्यात लढून भागायचं नाही, ते डोळ्यांसमोर मांडायला हवं. आणि घरात मांडायला जागा म्हणाल तर एकच, जेवणाचं टेबल.

कादंबरी आकाशातली होती. ग्रहाग्रहांची भांडणं, यानांच्या फौजा, एक सम्राट आणि त्याच्याविरुद्ध बंड. जावईबापूंना घरातला बल्ब बदलायला शेजारी लागायचा, (हो, विजेच्याच ऑफिसात नोकरी) पण कागदावर सूर्य विझवायचा म्हटला की एका परिच्छेदात विझवून मोकळे.

तर टेबलाच्या मधोमध कुकर बसला. तो सम्राट. शेजारी चहाचा डबा, तो सेनापती. मागे मिठाची बरणी, म्हणजे प्रधान. पलीकडच्या टोकाला साखरेचा डबा, ही बंडखोरांची राणी, आणि तिच्या भोवती पसरलेल्या वाट्या म्हणजे तिची फौज. "टेबलाला कुणी हात लावायचा नाही," असा हुकूम सुटला. बायको मांडीवर ताट घेऊन जेवू लागली.

घाई होती म्हणून हे सगळं. प्रकाशनवाल्या बाईंनी बाड वाचून फोन केला होता. "युद्ध बरं आहे हो, पण तुमची माणसं जिथल्या तिथे उभी राहून नुसती आग ओकतात. राज्य म्हटलं की डावपेच हवेत, फितुरी हवी. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शेवटचं प्रकरण बदलून द्या, नाहीतर बाड परत पाठवते."

परत कसं येऊन चालेल? पुस्तक येतंय हे ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं होतं. साहेबांना सांगितलं, शिपायाला सांगितलं, बिल भरायला आलेल्या माणसांनाही सुट्ट्या पैशांबरोबर सांगितलं. आता बाड परत आलं तर त्या खिडकीवर तोंड कसं दाखवायचं?

शुक्रवार उजाडला. रजा टाकलेली, फितुरी काही सुचेना. जावईबापू प्रेरणा आणायला गच्चीवर गेले आणि तिथेच खुर्चीत घोरू लागले. इकडे सासूबाई राहायला आल्या. (लेकीने हुकुमाचं सांगितलं नाही. विसरली म्हणे.)

जावईबापू डोळे चोळत खाली आले, तर आकाश पार उलटंपालटं झालेलं.

"आई, सम्राट कुठाय?"

"कोण?"

"कुकर हो, कुकर."

"तो होय. भात खाली लागला, भिजत घातलाय."

सम्राट मोरीत, गळ्यापर्यंत पाण्यात. शिट्टी काढून बाजूला ठेवलेली.

"आणि चहाचा डबा साखरेपाशी कशाला नेलात?"

"चहा करायचा तर मग कुणापाशी नेऊ?"

"दोघांची झाकणं उघडी आहेत."

"ते त्यांचं त्यांना विचारा बाई. मी पाठ करून उभी होते."

"मीठ मधोमध कसं आलं?"

"जागा रिकामी दिसली, ठेवलं. गरीब आहे हो तुमचं मीठ, हूं की चूं केलं नाही."

वाट्या धुऊन एकात एक रचलेल्या होत्या. जावईबापूंनी कपाळावर हात मारला आणि खाली बसले. "संपलं. आठवड्याची मांडणी गेली. आता बाड येणार परत."

बायको दारात उभी राहून चहा पीत होती. म्हणाली, "अहो, त्या बाईंना फितुरी हवी होती ना? मग ही काय कमी आहे?"

जावईबापूंनी मान वर केली. सेनापती शत्रूच्या राणीला जाऊन मिळालेला. सम्राटाचा आवाज काढून घेऊन त्याला पाण्यात कोंडलेलं. विखुरलेले बंडखोर एक झालेले. आणि या सगळ्या गोंधळात कुणाला पत्ता न लागू देता गादीवर जाऊन बसला कोण, तर तो मुका प्रधान.

मग जो माणूस लिहायला बसला, तो जेवायला उठला नाही. चहा दिला, तर शाई समजून त्यात पेन बुडवलं. संध्याकाळी प्रकरण पाठवलं आणि फोनकडे डोळे लावून बसला.

फोन आला. जावईबापूंनी तो सगळ्यांना ऐकू जावा म्हणून मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"प्रधान गादीवर बसला तिथे मी खुर्चीतून उठले हो," प्रकाशनवाल्या बाई म्हणाल्या. "छापतेय मी. एवढं राजकारण तुम्हाला सुचलं कुठून?"

"निरीक्षण," जावईबापू म्हणाले. मागे सासूबाईंना ठसका लागला.

बायकोने टाळ्या वाजवल्या. जावईबापूंनी छाती अशी फुगवली, की शर्टाचं बटण थेट सूर्यमालेबाहेर गेलं.

"फक्त एक करा," फोन पुढे बोलला. "आधीची सगळी प्रकरणं या एकापुढे अळणी वाटतात. ती अशीच लिहून द्या."

जावईबापूंनी लगेच पहिल्या प्रकरणाचे डबे मांडले. खूप वेळ बघत बसले. एक डबा जागचा हलेल तर शपथ. शेवटी घसा खाकरून ते सासूबाईंपाशी गेले.

"आई, जरा चहा टाकता का? त्या टेबलावरच."

सासूबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं आणि मटारची पिशवी पुढे सरकवली.

"हे सोला. पहिलं प्रकरण मटारावर देते. दुसऱ्याला लसूण सोलावा लागेल."