पिवळा ठिपका

माझ्या मुलीच्या साक्षगंधात नामदेवराव परात्यांनी भावी जावयाच्या कोटावर एक पिवळा ठिपका चिकटवला आणि चारचौघांत जाहीर केलं, "जावई अजून कच्चे आहेत. ठिपका लाल झाला का मंगच पोरगी द्या, भोयरभाऊ." व्याह्यांना वाटलं, हा इकडचा रिवाजच असेल. बिचाऱ्या जावयाने जेवणं आटोपेपर्यंत ठिपका काढला नाही.

रिवाज कसला, तो त्यांचा धंदा. नामदेवराव तुमसरचे आमचे शेजारी. जखमेवर लावायच्या, मधात भिजवलेल्या पट्ट्यांचा त्यांचा छोटा, रीतसर परवान्याचा कारखाना आहे. पाकिटं बंद करायची, खोक्यात भरायची, खोक्यावर पिवळा ठिपका लावायचा आणि खोकी गॅमा किरणांच्या केंद्रावर न्यायची. किरण आरपार जातात, आतले जंतू मरतात, ठिपका लाल होतो. लाल म्हणजे किरण लागले, एवढंच. पुरेसे लागले याचं प्रमाणपत्र केंद्र वेगळं देतं.

"एवढ्या लांब कशाला? कुकरच्या चार शिट्ट्या काढा," मी एकदा म्हटलं.

"मध शिजवता? मंग गुळाचा पाकच लावा ना जखमेले! उकळलं का जंतूच्या आधी मधाचा गुण मरते, भाऊ. अन् एखादा जंतू बियासारखं असं टणक कवच धरून बसते, का उकळ्या पाण्याले भीत नाही."

खोकी आत गेली की हे केंद्राबाहेरच्या बाकावर बाळंतिणीच्या नवऱ्यासारखे बसतात. रखवालदाराला सारखं विचारतात, "झाली का मोकळी?"

दुसरं वेड दोऱ्याचं. घराणं विणकराचं. कुणी गाठ कापली की अंगावर येतात. "सोड ना! कापाले काय अक्कल लागते?" जिलेबीच्या पुड्याचा दोराही सोडून बोटाला गुंडाळतात.

आंबागडला त्यांची थोरली बहीण आहे, अनुसयाबाई. वडिलांचा हातमाग यांनी तिला न विचारता विकला, तेव्हापासून ती यांच्या हातचं पाणी घेत नाही. माझी शेती तिकडेच. मागच्या हिवाळ्यात मीच बातमी आणली: साखरेच्या आजाराने अनुसयाबाईंच्या पायाचा अंगठा चिघळला होता. डॉक्टरांनी मधाच्या पट्ट्या लिहून दिल्या होत्या, आणि भरला नाही तर कापावा लागेल म्हणून बजावलं होतं.

कारखान्यात खोकी रचलेली होती, पण सगळी पिवळी.

"घरचंच माणूस आहे. द्या यातलं एक पाकीट," मी म्हटलं.

"घरचं माणूस आहे म्हणून तं नाही देत!" ते ओरडले आणि त्याच दुपारी खोकी घेऊन निघाले. बाकावर रात्र काढून परतले ते लाल ठिपके आणि प्रमाणपत्र घेऊनच. पाकिटांचा पुडा दोऱ्याने बांधून माझ्या हाती दिला. "दुकानातून आणला म्हणजा. माझं नाव घ्याल तं फेकूनच देते ते."

मी तसंच सांगितलं. अनुसयाबाईंनी पुडा हातात फिरवला. सुनेने कात्री पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली. नखांनी हळूहळू गाठ सोडली, दोरा गुंडाळून मला दिला.

"दुकानदाराले सांगजा, गाठ अजून बापासारखीच मारते म्हणा."

निरोप ऐकून नामदेवरावांनी दोरा उजेडात धरून टोकं तपासली.

"कापला नाही," ते म्हणाले.

पुढचा पुडा त्याच दोऱ्याने बांधला. त्याच्या पुढचाही. दोरा जात होता, येत होता, आणि अंगठा भरत होता.

परवा मी आनंदाने सांगितलं, "डॉक्टरांनी पट्ट्या बंद केल्या. अंगठा वाचला!"

"बेस झालं." बोटाला दोरा गुंडाळत ते मग म्हणाले, "आता काय पाठवू, भोयरभाऊ?"

"आता स्वतःच जा."

त्यांनी खिशातून एक पिवळा ठिपका काढला आणि आपल्याच सदऱ्यावर चिकटवला.

"अजून कच्चाच आहो मी," ते म्हणाले.