हशमतसाहेबांचा भाता

आमच्या छावणीतल्या जनावरांच्या दवाखान्यात शेळीला गुंगी देण्याआधी डॉक्टर हशमतसाहेब तिला आपली ओळख करून देत. "बंदे को हशमत कहते हैं. जरासी तकलीफ होगी, मोहतरमा." शेळी कान हलवी. कान हलवला म्हणजे परवानगी, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. एखादीनं नाहीच हलवला, तर ते तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत आणि मी हातात सुरी घेऊन ताटकळत उभा.

निजामाचं राज्य होतं. आमच्याकडं शेळ्यांच्या फुफ्फुसाच्या रोगावर संशोधन चाले. छाती उघडली की शेळीला आपला आपण श्वास घेता येत नाही. म्हणून तिच्या श्वासनळीत नळी घालायची आणि भात्यानं हवा भरायची. ती हवा वाटेत ईथरच्या बाटलीतून जाई, म्हणजे श्वासही चालू आणि झोपही. सुरी माझी, भाता साहेबांचा. लोहाराकडून आणून तो त्यांनी स्वतःच्या हातानं शिवला होता आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मी 'शेळी बेहोश आहे' म्हटलं तरी ते दुखावत. "भालेराव, बेहोश तो दारुड्या. मोहतरमा आराम फर्मावतायत."

बाकी माणूस इतका अदबीचा, की रस्त्यात हमालालाही आधी सलाम करणार. त्यामुळं नाझिमसाहेब, म्हणजे आमच्या खात्याचे सर्वेसर्वा, तपासणीला येणार होते त्या दिवशी मी निर्धास्त होतो. रिवाज असा, की ते आत आले की सगळ्यांनी उठायचं आणि कमरेत वाकून कपाळाला हात लावत मागं सरकायचं. तपासणी म्हणजे मुख्यतः एवढंच. जनावरांकडं कुणी बघत नसे.

नाझिम आले तेव्हा टेबलावर एका शेळीची छाती उघडी होती. मी रक्ताळलेल्या हातांनीच वाकलो. हशमतसाहेब मात्र स्टुलावर बसूनच होते. भाता वर, भाता खाली.

"हशमत, हम आए हैं."

"जी हुजूर. तशरीफ रखिये."

"उठता की नोकरी सोडता?"

"ही उठली की उठतो, हुजूर."

मी घाईनं भात्याकडं हात नेला. साहेबांनी माझा हात कोपरानं ढकलला. "टाके घाला, भालेराव."

नाझिमांनी तिथल्या तिथं त्यांना कामावरून काढलं आणि तरातरा निघून गेले. मी टाके घातले. साहेबांनी ईथरची बाटली बाजूला केली. बऱ्याच वेळानं शेळीनं आपला आपण श्वास घेतला, मान उचलली. तेव्हा कुठं ते उठले.

मला त्यांचा मनापासून राग आला होता. "साहेब, एका सलामानं काय बिघडलं असतं?"

ते शेळीचं तोंड पुसत होते. "आमची बेगम दम्यानं गेली. मी उशाशी बसून पंखा घालत होतो. हकीमसाब आले म्हून उठलो. सलाम केला, खैरियत विचारली. वळून बघतो तर..."

माझा राग कुठल्या कुठं गेला. शेळी तोवर पायांवर उभी राहिली होती. साहेबांनी तिला पाला घातला, टोपी डोक्यावर ठेवली आणि निघाले. पुन्हा ते कधी कामावर आले नाहीत.