मान वर केलेली बदकं

एका लाकडात दोन धनी खूश करून दाखवतो, असं तुळशीदास मेस्त्री म्हणाला, तेव्हा खोलीतल्या एकानेही त्याला अडवलं नाही. अडवायला पाहिजे होतं!

"म्हणजे नक्की काय करणार?" महबूबने विचारलं. महबूब दापोलीचा. वर्कशॉपची पिकअप चालवायचा आणि तुळशीदासच्या वरच्या खाटेवर झोपायचा.

"अशी बदकां करतंय, मुदीराक वाटात जिती आसत! नि खऱ्या बदकानं बगल्यान काय ता थेट रशियाक परत!"

"आणि मुदीरला कळलं तर? मालक आहे तो!"

"तेका काय कळता? तो काय बदक आसा?"

एवढा आत्मविश्वास तुळशीदासला स्वतःच्या लग्नातही नव्हता.

तुळशीदास मूळचा सावंतवाडीचा. घरात तीन पिढ्या लाकडी खेळणी रंगवण्यात गेल्या. त्याच्या वाट्याला मात्र प्लायवूडची कपाटं आली, तीही कुवेतात. मीना अब्दुल्ला नावाच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये तो खैरानच्या शॅलेंसाठी, म्हणजे समुद्रकाठच्या बंगल्यांसाठी, पलंग, कपाटं, किचनचे दरवाजे करायचा. मालक यूसुफ, ज्याला सगळे मुदीर म्हणत, तो माणूस वाईट नव्हता. फक्त कामगारांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात असत आणि कामगारांच्या रजा त्याच्या मर्जीत. त्या थंडीत खैरानचं मोठं काम आलं होतं, आणि मुदीरने सगळ्यांच्या रजा एका फटक्यात बंद केल्या होत्या.

आणि फाल्गुनात तुळशीदासच्या लेकीचं, प्राचीचं, लग्न होतं!

लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती, पण तुळशीदासचा आणि आनंदीचा संसार सगळा रजेरजेने झालेला. प्राची रांगायला लागली ते त्याने पत्रात वाचलं, दहावी झाली ते फोनवर ऐकलं. निदान ती सासरी जाताना तरी दारात उभं राहायचं, एवढीच त्याची इच्छा होती. आनंदी फोनवर रजेचं विचारतच नसे. तिने एवढंच सांगितलं, "रुखवतात सगळा बाजारातला नको. बापाशीच्या हातचा कायतरी व्हया. आणि जोडी करा हां! चेडवाच्या लग्नात एकटा कायएक ठेवूचा नाय."

म्हणून तुळशीदासने बदकांची जोडी करायला घेतली. आता बदकंच का, तर त्याला कारण विनिता.

विनिता मूळची पुण्याची, कुवेतात एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, आणि तिथल्या पक्षीप्रेमी मंडळातली एकमेव मराठी बाई. वर्कशॉपच्या मागे, दोन-चार किलोमीटरवर, सांडपाणी साचून झालेलं एक तळं होतं. वास असा की नवा माणूस गाडीची काच खाली करायची चूक एकदाच करायचा. पण थंडीत उत्तरेकडून हजारो मैल उडत आलेली बदकं तिथेच उतरायची, आणि त्यांच्या मागोमाग बंदुकाही यायच्या. ते तळं राखीव व्हावं म्हणून विनिताने जिवाचं रान केलं होतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ती प्रसादाच्या रांगेत सह्यांचा अर्ज घेऊन उभी राहिली होती. सही नाही, तर शिरा नाही! तळ्याकाठच्या पाट्या तुळशीदासने तिला फुकट करून दिल्या, आणि त्या बदल्यात शुक्रवारी तिच्या दुर्बिणीतून बघायची मुभा मिळवली.

"एवढ्या लांबून येवन गटारात रवतत?" पहिल्यांदा बघून तो म्हणाला होता. "म्हणजे ही आपलीच माणसा, मॅडम!"

विनिताने त्याला सगळं शिकवलं. "मान वर काढून बसलं की समजायचं, धोका आहे. आणि चोच पाठीत खुपसून झोपलंय म्हणजे सगळं क्षेमकुशल. ते बघूनच वरची बदकं खाली उतरतात. आणि काका, इथेच त्यांच्या जोड्या जमतात. मग उन्हाळा लागायच्या आत नर मादीच्या मागोमाग तिच्या माहेरी जातो."

"आणि रजा कोण देता तेका?" तुळशीदासने विचारलं.

विनिता हसली. तो हसला नव्हता.

तर रुखवताची जोडी तयार झाली. नर चोच पाठीत खुपसून झोपलेला, अगदी घरच्या पडवीत झोपावा तसा. बदकीण त्याच्याकडे मान वळवून बघणारी. नेमका त्याच दिवशी मुदीर बाकाजवळ आला. नराला बघून त्याने आधी आवाज खाली आणला, मग एक बोट पुढे केलं, आणि लाकूड लागल्यावर असा दचकला की डोक्यावरच्या रुमालाचा काळा गोफ तिरका झाला!

"वल्ला! ये तुम बनाया?"

मुदीरला शिकारीचं वेड होतं. त्याच्या चुलतभावाने अमेरिकेहून प्लास्टिकची बदकं मागवली होती. ती तळ्यात सोडायची, म्हणजे खरी बदकं भुलून खाली येतात. त्या प्लास्टिकच्या तोऱ्यापायी मुदीरची झोप उडाली होती. त्याने नर उचलून बगलेत मारला. "बहुत बत्त बनाओ, तुळशी! बत्त ज़ेन, तो इजाजा ज़ेन!"

म्हणजे बदकं चांगली, तर रजा चांगली! तुळशीदासने आनंदाने मान डोलावली आणि दुसऱ्या क्षणी ती मधेच थांबवली. बदकं चांगली झाली तर प्राचीचं लग्न बघायला मिळणार. पण मग त्या तळ्यावर लांबून आलेल्या बिचाऱ्यांचं काय? आणि विनिता मॅडमना तोंड कसं दाखवायचं?

त्यातून निघाली ती दोन धन्यांची युक्ती.

सगळी बदकं त्याने मान वर केलेली केली. रंग इतका सुरेख की लांबून पिसं मोजावीत. पण चेहरे? बताका, म्हणजे ओळखपत्र, खोलीवर विसरलेल्या माणसाला पोलिसाने हटकल्यावर होतो, तसा एकेकाचा चेहरा! मुदीरने विचारलं, सगळी वर का बघतायत?

"आपको सलाम करता है, मुदीर!"

मुदीर खूश झाला. पण तो झोपलेला नर काही त्याने परत दिला नाही. "ये सबसे ज़ेन. ये आगे रहेगा."

शुक्रवारी उजाडता उजाडता फौज तळ्यावर पोचली. मुदीर, प्लास्टिकवाला चुलतभाऊ, तीन पाहुणे, बंदुका, चहाचे थर्मास आणि भाताचं एवढं मोठं पातेलं की बदकं मिळाली नसती तरी कोणी उपाशी मरत नव्हतं. तुळशीदास पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या गार, वासाच्या पाण्यात उतरला आणि आपली भेदरलेली मंडळी एकेक करून मांडून आला. झोपलेला नर त्याने मुद्दाम बाजूला, बोरूच्या गवताच्या आड ढकलला. इथे कोण बघतंय!

सूर्य वर आला तसा पहिला थवा आला. घिरटी घेत खाली झेपावला, खालचे चेहरे बघितले आणि जो वळला तो समुद्राकडे! दुसरा आला, तोही वळला. तिसरा तर घिरटी घ्यायलाही थांबला नाही. बोरूत दबून बसलेल्या तुळशीदासला वाटलं, उठून नाचावं. चुलतभाऊ हसायला लागला आणि मुदीरचं तोंड लालबुंद झालं. मग तुळशीदासला आठवलं, हे तोंड खूश झालं नाही तर लग्नाला काही आपण जात नाही. ह्या युक्तीत बदकं वाचत होती, मॅडम वाचत होत्या. बुडत होता तो एकटा प्राचीचा बाप!

आता तुम्हाला पलीकडच्या काठावर काय चाललं होतं ते सांगायला हवं. तिथे बांधावर विनिता दुर्बीण लावून उभी होती, आणि शेजारी पर्यावरण खात्याचे एक साहेब. मोजणीत भरपूर पक्षी दिसले, तर तळं राखीव करायचं मी वर कळवतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. विनिता हर्षभरित होऊन मोजत होती. "बघा ना सर, किती आहेत! आणि सगळी सावध! एक जागचं हलत नाहीये!"

हलणार कुठून?

इकडे चुलतभावाला कंटाळा आला. त्याने उगाच एका लाकडी बदकावर नेम धरला आणि धाड्! मुंडकं उडालं. पाहुण्यांना ही मजा आवडली. धाड्! धाड्! तळ्यावर लाकडाचे कपचे उडू लागले. पलीकडून विनिताची किंकाळी आली. ती हात हलवत बांधावरून धावत सुटली, मागून साहेब, आणि त्या गोंधळात तळ्यावर एकच बदक शांत होतं. तो गवताआडचा झोपलेला नर.

त्याच वेळी ती आली.

थव्यातून चुकलेली असावी. लहानशी, करडी बदकीण. आवाजांनी बावरून तिने तळ्यावर दोन फेऱ्या मारल्या. सगळीकडे ताणलेल्या माना, आणि एकच जण निवांत निजलेला! ती सरळ त्याच्यापाशी उतरली, पोहत जवळ गेली आणि अंगाला अंग लावून बसली. मग तिनेही चोच पाठीत खुपसली.

तुळशीदास बोरू बाजूला सारून बघू लागला. त्याच्या हातून घडलेल्या सगळ्या बदकांत तिने नेमकं रुखवतातलं ओळखलं होतं. "गो, जा!" तो पुटपुटला. "जा गो बाये!" ती हलेना. शेवटी न राहवून तो उभा राहिला आणि तिला उडवायला त्याने जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

मुदीरने वळून बघितलं. आपला सुतार टाळ्या वाजवून गवताकडे हात करतोय! "शाबाश, तुळशी!" तो ओरडला, आणि ती पंख उघडते न उघडते तोच बार झाला.

ती लाकडी नराच्या पाठीवर आडवी पडली. तुळशीदासचे हात टाळीच्या आकारातच राहिले.

त्या दिवसाची ती एकच शिकार. प्लास्टिकवाल्याला शून्य, मुदीरला एक! मुदीरने गाडीच्या बॉनेटवरच रजेच्या कागदावर सही ठोकली, तुळशीदासला मिठी मारली आणि झोपलेला नर पुसून आपल्या सीटवर ठेवला.

"मुदीर, वो मेरा बेटी का शादी का है," तुळशीदास म्हणाला.

"इजाजा तुम्हारा, बत्त मेरा! खलास!"

विनिता धापा टाकत पोचली तेव्हा तिच्या पायाशी लाकडाचे कपचे पडले होते. एक उचलून तिने रंग बघितला, मग सीटवरचा नर बघितला. तिच्या मागे खात्याचे साहेब सावकाश मोजणीचा कागद घडी घालत होते. लाकडाची बदकं मोजलेली मोजणी त्यांना वर पाठवता येणार नव्हती. आता पुढल्या थंडीत बघू, म्हणाले.

"मॅडम, मी माना वर केल्लंय," तुळशीदास काकुळतीला येऊन म्हणाला. "सगळ्यांच्यो. तुमी शिकवलात तश्यो."

"तो झोपलेलासुद्धा मीच शिकवला होता," विनिता म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले होते, आणि ती तशीच बांधावरून परत गेली.

फाल्गुनात तुळशीदास घरी पोचला. मांडव त्याने स्वतः उभा केला, येणाऱ्या-जाणाऱ्याला कुवेतच्या गमती सांगितल्या, फक्त तळ्याची सांगितली नाही. रुखवताच्या टेबलावर लाडू-करंज्यांच्या मधोमध त्याच्या हातची बदकीण ठेवली होती. एकटीच, मान वळवून शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत. दुसरा नर करायला त्याने लाकूड घेतलं होतं, पण हात चालला नव्हता.

वरपक्षाकडची एक म्हातारी टेबलापाशी थांबली. "बाय माझे! काय सुंदर केल्यानी! पण हिचो जोडीदार खंय गो?"

तुळशीदासने तोंड उघडलं. पण करंज्या रचता रचता आनंदीने मान वर न करताच उत्तर दिलं.

"घोव तिचो कुवेताक आसा. रजा गावली काय येतलो."

सगळ्या बायका खळखळून हसल्या. प्राचीही हसली. तुळशीदास तर सगळ्यांत मोठ्याने हसला! आणि मग मांडवाचा खांब हलतोय वाटतं, असं म्हणत बाहेर जाऊन खांबाला धरून उभा राहिला. खांब सकाळीच त्याने स्वतः ठोकला होता. तो काही हलत नव्हता.