हातात वस्तरा असताना

“अहो, एक काय ते करा,” बायको त्याच्या कानाशी कुजबुजली. “आभार तरी माना, नाहीतर दाढी तरी करा. दोन्ही एकदम नको.”

पण ऐकेल तो रेडिओ कसला! खुर्चीवर गिऱ्हाईक बसलं की याचं तोंड जे सुरू व्हायचं ते गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत थांबायचं नाही, म्हणून अख्खा रस्ता त्याला रेडिओच म्हणायचा. आज तर त्याच्या स्वतःच्या सलूनचा पहिला दिवस. नवा आरसा, नवी खुर्ची, मावतील तेवढे शेजारीपाजारी, आणि खुर्चीवर काका. ज्यांच्या दुकानात हा कात्री धरायला शिकला, ते काका. नव्या खुर्चीत पहिले बसणार काका, आणि चारचौघांत त्यांचे असे आभार मानायचे की त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं पाहिजे, असं त्याने कधीचं ठरवून ठेवलं होतं.

काकांची मिशी ही काही साधीसुधी मिशी नव्हती. टोकं वर वळलेली, मध्ये दाट, रोज मायेने विंचरलेली. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर नाव नव्हतंच, नुसती मिशी रंगवलेली होती. पत्ता सांगतानाही लोक “मिशीपासून डावीकडे वळा” असं सांगायचे.

“गाल करतो आणि मिशीची टोकं जरा सारखी करतो,” रेडिओ फेस फासत म्हणाला आणि लोकांकडे वळला. “मंडळी! काकांच्या दुकानात एक पद्धत होती. शिकणाऱ्याने पहिली दाढी करायची ती काकांचीच. कापलं तर माझं कापू दे, गिऱ्हाइकाचं नको, असं म्हणायचे! आणि सांगायला अभिमान वाटतो, पहिल्याच दाढीला मी काकांना साधा ओरखडा उठू दिला नाही. ‘झकास!’ म्हणाले काका. त्या आनंदातच तर त्यांनी ही मिशी ठेवली!”

टाळ्या पडल्या. काकांनी डोळे मिटून घेतले. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या काकूंना एकदम खोकल्याची उबळ आली.

डावा गाल झाला. वस्तरा मिशीच्या टोकाशी आला. “काका, तुम्ही नसता तर...” रेडिओ म्हणायला लागला. जे पाणी काकांच्या डोळ्यांत यायचं ते याच्याच डोळ्यांत आलं. समोरचं सगळं धूसर झालं, वस्तरा मात्र चालूच राहिला. डोळे पुसून बघतो तर काय, काकांच्या छातीवरच्या पांढऱ्या कापडावर मिशीचं डावं टोक पडलेलं!

रेडिओने ते टोक पटकन मुठीत घेतलं, मिशीवर फेसाचा भलामोठा गोळा थापला आणि खुर्ची आरशाकडून भिंतीकडे फिरवली.

“काय रे?” काकांनी डोळे न उघडता विचारलं.

“उजेड, काका. उजेड तिकडून बरा येतो.”

आता उजवी बाजू सारखी करणं आलं. पण त्याला वेळ हवा, आणि वेळ हवा तर बोलत राहायला हवं. “मंडळी, आईवडिलांचे उपकार कसे विसरू!” म्हणत त्याने उजवीकडे थोडी काढली. जरा जास्तच निघाली. मग शाळेतल्या मास्तरांचे आभार, आणि डावीकडून थोडी. सासूबाईंचे आभार, उजवीकडून थोडी. घरमालक, इलेक्ट्रिशियन, आरसा बसवणारा, सगळ्यांचे आभार. आभार वाढत गेले आणि मिशी आटत गेली.

“केवढी जाण आहे हो पोराला!” शेजारच्या आजींनी डोळे टिपले. त्यांच्या त्या शब्दांनी रेडिओला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको तेवढी कपाळाला हात लावून उभी होती. तिला सगळं दिसत होतं.

शेवटी नाकाखाली उरली ती इतकीशी, की ठेवण्यापेक्षा काढलेली बरी. तीही गेली. आभार मानायला जगात कोणी उरलं नव्हतं. त्याने काकांच्या ओठावरचा फेस पुसला आणि खुर्ची लोकांकडे वळवली.

आजींनी चष्मा काढून पुसला.

काकांनी हळूच हाताने ओठ चाचपला. “मंडळी, याची काही चूक नाही,” ते म्हणाले. “मीच हललो.”

तेव्हा कुठे रेडिओची नजर वर गेली. मिशी होती तिथे, नाकापासून ओठापर्यंत, एक तिरका पांढरा व्रण होता. चांगला जुना.

“हे... हे कधी लागलं, काका?”

काकूंना आता खोकल्याआड हसू लपवता येईना. “तुझी पहिली दाढी झाली ना, त्या दिवशी. तोंडावर टॉवेल दाबून घरी आले. मी विचारलं तर हेच म्हणाले, मीच हललो.”

रेडिओला सगळं लख्ख आठवलं. ‘झकास’ म्हणत काकांनी घाईघाईने चेहऱ्यावर घेतलेला टॉवेल. नंतर कितीतरी दिवस नाकातोंडाला बांधलेला रुमाल, “सर्दी झालीय” म्हणून. आणि रुमाल सुटला तेव्हा खाली वाढलेली मिशी. आणि हा शहाणा इतकी वर्षं गिऱ्हाइकागणिक सांगत सुटला होता, साधा ओरखडासुद्धा नाही! तेही काकांच्याच दुकानात, काकांच्याच शेजारी उभं राहून. लाजेने त्याचे कान तापले. तोंड लपवावं म्हटलं तर समोर नवाकोरा आरसा.

“काका, तुम्ही मला बोलला का नाहीत?”

“तू बोलू देतोस होय कोणाला?” काका म्हणाले. “आजही टोक गेलं तेव्हाच मला कळलं होतं. पण इतकं छान बोलत होतास, मोडवेना.”

लोक खो खो हसले. रेडिओला हसता येईना, रडताही येईना. त्याने वस्तरा खाली ठेवला.

“ठेवतोस काय?” काका खुर्चीत पुन्हा नीट टेकले. “उजवा गाल राहिलाय. कर.”

“हात कापतोय माझा, काका.”

“तेव्हाही कापत होता. कर. फक्त तोंड बंद ठेव.”

रेडिओने वस्तरा उचलला. आभाराचा एक शब्दही न काढता त्याने उजवा गाल केला, आणि या वेळी खरोखरच साधा ओरखडासुद्धा उठला नाही.