वरून तिसरे चित्र

एका जंगलात पाणवठा एकच होता, आणि तहान मात्र सर्वांना होती. बाळांनो, राज्यशास्त्राचा उगम येथूनच होतो; पण तो विषय तुम्हांला पुढच्या इयत्तेत आहे.

त्या जंगलाचे दफ्तरदार एक साळिंदर होते. त्यांचे नाव शल्यक. सगळे त्यांना शास्त्रीबुवा म्हणत. पाणवठ्यावर कोणी केव्हा यावे, याचे पाळीपत्रक ते दर आठवड्याला पळसाच्या पानावर लिहीत. लेखणीची त्यांना चिंता नव्हती. पाठीवरचा एक काटा उपटला की काम भागत असे.

शब्दांच्या बाबतीत शास्त्रीबुवा फार चोखंदळ होते. पहाट आणि प्रभात यांत त्यांच्या मते पुरते दोन घटकांचे अंतर होते. ‘सकाळी केव्हाही’ असे लिहिणाऱ्याला त्यांनी दफ्तरात पाऊल टाकू दिले नसते. या चोखंदळपणामुळेच चितळांचा कळप आणि बिबट्या यांची पाणवठ्यावर आजवर एकदाही गाठ पडली नव्हती. त्या जंगलात सुराज्य म्हणत ते यालाच.

एकदा वाघमहाराज शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून गेले. तेथे त्यांनी संगणक पाहिला. परत येताना त्यांनी दहा संगणक आणले आणि पुढीलप्रमाणे आज्ञा काढली:

“येत्या पौर्णिमेपासून पाळीपत्रक संगणकावरच निघेल. दफ्तरदारांनी ते भर दरबारात काढून दाखवावे. न जमल्यास, ज्याला जमेल त्याच्या हाती दफ्तर द्यावे.”

शिकवणी घेणारी खार सोडली, तर ज्याला जमत होते असा एकच प्राणी जंगलात होता. तो म्हणजे विकटराव तरस. शेजारच्या जंगलात महिनाभर राहून तो संगणक शिकून आला होता. दफ्तरावर त्याची फार दिवसांची नजर होती. त्याची मागणीही मोठी नव्हती. तरसांची पाळी चितळांच्या पाळीला लागून असावी, इतकेच त्याचे म्हणणे.

“लागून म्हणजे किती अंतराने?” शास्त्रीबुवांनी त्याला एकदा विचारले होते.

“लागून म्हणजे लागून हो,” विकटराव हसत म्हणाला. “मध्ये उगाच वेळ कशाला वाया घालवायचा?”

आज्ञा ऐकून त्याच सायंकाळी चितळांची म्हातारी दफ्तरात आली.

“शास्त्रीबुवा, काहीही करा, पण ते यंत्र शिका,” ती म्हणाली. “यंदा कळपात सात पाडसं आहेत. अजून त्यांना धड उड्या मारता येत नाहीत.”

शास्त्रीबुवांनी काटा हाती घेतला, पळसाच्या चाळीस पानांची एक वही शिवली आणि दुसऱ्या दिवशी शिकवणीला गेले.

शिकवणी चंचलाबाई खार घेत असत. त्या हुशार होत्या, मनमिळाऊ होत्या; पण खार होत्या. त्यांचे शिकवणेही झाडावर चढावे तसे होते. आता बुंध्याशी दिसाव्यात, तर पापणी लवेपर्यंत शेंड्यावर.

“हे दाबायचं,” चंचलाबाई म्हणाल्या. “बाण इकडे आणायचा. यावर दोनदा टिचकी. खिडकी उघडली. हे लिहिलं, हे जतन केलं, हे मिटलं. झालं! काही शंका?”

“आहे,” शास्त्रीबुवा म्हणाले. “पहिल्या ‘हे’पासून पुढची सर्व.”

चंचलाबाईंनी पुन्हा दाखवले. शास्त्रीबुवा लिहू लागले. दोनदा टिचकी म्हणजे दोन टिचक्यांच्या मध्ये किती वेळ, हे त्यांनी विचारून घेतले आणि वहीत नोंदवले: ‘डोळ्यांची एक उघडझाप. सशाच्या डोळ्यांची, घुबडाच्या नव्हे.’

“अहो, लिहू नका, बघा!” चंचलाबाई कळवळून म्हणाल्या. “पडद्याकडे बघा. चित्र ओळखा.”

“बाई, पाहिलेले विसरते,” शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. “लिहिलेले राहते.”

आणि त्यांनी लिहिले: ‘डाव्या बाजूची रांग. वरून तिसरे चित्र. त्यावर दोन टिचक्या. कोतवाल पक्षी ओरडतो. खिडकी उघडते.’

दुसऱ्या दिवशी चंचलाबाईंनी त्यांना स्वतः करून पाहायला सांगितले. शास्त्रीबुवांनी माउसवर पंजा ठेवला, वहीत पाहिले, दोन टिचक्या दिल्या आणि डोळे मिटून बसले. बराच वेळ गेला.

“काय झालं, शास्त्रीबुवा? खिडकी कधीचीच उघडलीय.”

“ती उघडणे नियमाला धरून नाही,” शास्त्रीबुवा म्हणाले. “कोतवाल अजून ओरडलेला नाही.”

सगळी शिकवणी हसली. ससा तर हसता हसता खुर्चीवरून पडला. काल नेमक्या त्या क्षणी बाहेर एक कोतवाल ओरडला होता आणि खिडकीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, हे पटवून द्यायला चंचलाबाईंना अर्धा प्रहर लागला. शास्त्रीबुवांनी ते वाक्य खोडले मात्र नाही. त्यांनी समासात बारीक अक्षरांत लिहिले: ‘ऐच्छिक.’

हसू नका, बाळांनो. तुमच्या घरातही कोणीतरी यंत्र सुरू होताना हात जोडत असेल.

चिकाटी मात्र शास्त्रीबुवांची जबरदस्त होती. ते सूर्योदयाला येत आणि काजवे निघाले की जात. हळूहळू त्यांना जमू लागले. वही उघडी असली की त्यांचा पंजा बरोबर पडे. पहिले पान, दुसरे पान, तिसरे पान. आणि चाळिसाव्या पानावर पाळीपत्रक छापून बाहेर येई, प्रभात आणि पहाट आपापल्या जागी. चितळांची म्हातारी रोज दाराशी येऊन डोकावून जाई. “जमतंय ना?” ती विचारी. “जमत आहे,” शास्त्रीबुवा सांगत, आणि ते खरेच होते.

विकटरावही एकदा डोकावला. त्याने वही पाहिली, पडदा पाहिला. “वा, शास्त्रीबुवा! किती नीटनेटकं काम!” असे म्हणून तो दात काढून हसला. तरसाच्या हसण्याचा अर्थ काढणे कठीण असते. ते नेहमीच हसत असतात.

पौर्णिमा आली. दरबार भरला. वाघमहाराज शिळेवर बसले. उजवीकडे सेनापती रानगवा, डावीकडे प्रधान घुबड. दिवस असल्यामुळे प्रधान झोपेत होते. पण त्यांची मान अधूनमधून हलत असे आणि ती संमती मानली जाई. मागे, अगदी कडेला, चितळांचा कळप उभा होता.

शास्त्रीबुवा संगणकापुढे बसले. वही उघडली. डाव्या बाजूची रांग, वरून तिसरे चित्र, त्यावर दोन टिचक्या. मधला वेळ सशाचा.

खिडकी उघडली. दरबारात कुजबुज झाली. शास्त्रीबुवांनी मान वर केली नाही. त्यांची दृष्टी वहीवर खिळली होती. पडद्याकडे पाहावे असे वहीत कोठेही लिहिलेले नव्हते.

‘पहिल्या ओळीवर टिचकी,’ वही सांगत होती. त्यांनी टिचकी दिली. ‘तेथून खाली ओढणे.’ त्यांनी ओढले. कुजबुज वाढली. कोणीतरी फिसकन हसले.

“शास्त्रीबुवा,” वाघमहाराज म्हणाले, “हे पाळीपत्रक आहे?”

शास्त्रीबुवांनी पान उलटायचे थांबवून वर पाहिले. पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला होता. बदामच्या राणीवर त्यांनी नुकताच इस्पिकचा गुलाम नेऊन ठेवला होता.

“नवी पद्धत असेल, महाराज!” विकटराव ओरडला. “आधी राणी पाणी पिणार, मग गुलाम!”

दरबार खदखदून हसला. चितळांचा कळप तेवढा हसला नाही.

शास्त्रीबुवांचे काटे एकेक करून खाली बसले. “महाराज,” ते म्हणाले, “चित्र आपल्या जागी नाही. तिसऱ्या जागी पाळीपत्रक होते. आता तेथे हे आहे.”

विकटराव पुढे आला. “महाराज, चित्र कुठंही असलं तरी ओळखता आलं पाहिजे. प्रत्येक चित्राखाली त्याचं नाव लिहिलेलं असतं. जागा पाठ करणं म्हणजे शिकणं नव्हे. वाटल्यास चंचलाबाईंनाच विचारा.”

सगळ्यांनी चंचलाबाईंकडे पाहिले. त्यांनी शेपूट पुढे घेऊन तोंड झाकले. “तरसराव म्हणतात ते खरं आहे,” त्या अगदी हळू म्हणाल्या.

आता पाहा, बाळांनो, केवढा पेच! सत्य तरसाच्या तोंडी होते, आणि पाडसे मागे उभी होती.

पण महाराज कधीचेच हसायचे थांबले होते. ते पुढे वाकले.

“चित्र हलतं?” त्यांनी विचारले.

“हलवता येतं, महाराज,” चंचलाबाई म्हणाल्या.

“कोणालाही?”

“कोणालाही.”

“आमचंसुद्धा?”

महाराजांनी शिळेखाली पंजा घातला आणि एक चुरगळलेले पान बाहेर काढले. त्यावर मोठ्या अक्षरांत तीन ओळी होत्या: ‘मधले चित्र. त्यावर पंजा ठेवणे. प्रधानास हाक मारणे.’

सेनापती रानगवा खाकरला आणि त्याने कानामागून आपले पान काढले. तेवढ्यात प्रधानांना जाग आली, आणि त्यांनी पंखाखालचे आपले पान आणखी आत सारले. बघता बघता दरबारभर पानांची सळसळ झाली. पान नव्हते ते फक्त विकटरावाकडे.

“कोणी हलवलं हे चित्र?” महाराज गुरगुरले.

बाळांनो, येथे विकटराव गप्प बसला असता, तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण ज्ञानी माणसाला कौतुकाची भूक असते, आणि तरसाला तर सर्वच प्रकारची असते.

“मीच, महाराज!” तो छाती काढून म्हणाला. “काल सायंकाळी. अगदी सोपं आहे. असं धरायचं, असं ओढायचं. थांबा, आपलंही हलवून दाखवतो.”

“धरा त्याला!” महाराज गरजले.

“महाराज, हे ज्ञान आहे!”

“असेल. पण ते आमच्या चित्राला हात लावतंय.”

विकटरावाला शिक्षा झाली नाही. महाराज दयाळू होते. सरहद्दीवरच्या टेकडीचा मुख्य संगणक अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली. त्या टेकडीवर वीज नव्हती.

पाळीपत्रकाचे चित्र तिसऱ्या जागी परत आणले गेले. शास्त्रीबुवांनी पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. चाळिसाव्या पानाला पाळीपत्रक छापून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी प्रभाती सात पाडसे पाणवठ्यावर मनसोक्त पाणी प्याली. पैलतीरावर कोणीही नव्हते.

मग नवी आज्ञा निघाली. या राज्यातील कोणतेही चित्र आपली जागा सोडणार नाही. सोडल्यास तो राजद्रोह समजण्यात येईल. शास्त्रीबुवांच्या वहीच्या शंभर प्रती निघाल्या. शिकवणी बंद झाली, कारण आता शिकण्यासारखे काही उरले नव्हते. चंचलाबाईंना चित्रनिरीक्षक केले गेले. रोज सकाळी गवताची एक काडी घेऊन त्या दहाही पडद्यांवरच्या चित्रांची अंतरे मोजीत आणि नोंदवहीत शेरा लिहीत.

एके दिवशी मोजता मोजता त्या थांबल्या.

“शास्त्रीबुवा, एक विचारू? तरस बोलला त्यात चूक काय होतं?”

शास्त्रीबुवांनी नेहमीप्रमाणे प्रत्येक शब्द तोलून पाहिला. “शब्दशः पाहता, काहीही नाही.”

“मग?”

“बोलणारा चुकीचा होता.”

“आणि शिकवणारी?” चंचलाबाई म्हणाल्या. उत्तराची वाट न पाहता त्या पुढच्या पडद्याकडे निघून गेल्या.

शास्त्रीबुवांना त्या दिवशी जेवण गेले नाही. दफ्तर त्यांच्याकडेच राहिले होते, पाडसे सुखरूप होती, वहीला राजमान्यता मिळाली होती. तरीही त्या एका प्रश्नाला योग्य शब्द त्यांना सापडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते पहाटे आले. प्रभाती नव्हे, पहाटे. दफ्तरात कोणी नव्हते. त्यांनी वही काढली आणि न उघडताच बाजूला ठेवली. मग ते प्रथमच पडद्याकडे पाहत बसले.

वरून तिसऱ्या चित्राखाली ‘पाळीपत्रक’ असे लिहिलेले होते. इतके दिवस ते तेथेच होते. ऱ्हस्वदीर्घसुद्धा बिनचूक होते.

शास्त्रीबुवांनी दाराकडे पाहिले. मग चित्र धरले आणि किंचित ओढले. ते शहाण्या वासरासारखे मागोमाग आले. त्यांनी त्याला उजवीकडे नेले, खाली नेले, अगदी कोपऱ्यात नेऊन सोडले. दोन टिचक्या दिल्या.

पाळीपत्रक उघडले. तेच चितळ, तोच बिबट्या, त्याच वेळा. एक अक्षरही सांडले नव्हते.

शास्त्रीबुवा इतके हसले की त्यांचे काटे खुळखुळले. ते असे हसलेले जंगलात कोणी पाहिले नव्हते.

तोच बाहेर पावले वाजली. चंचलाबाई काडी घेऊन तपासणीला येत होत्या. शास्त्रीबुवांनी घाईघाईने खिडकी मिटली, चित्र ओढून जागेवर आणले आणि गंभीर चेहरा केला.

चंचलाबाईंनी काडी लावली. पुन्हा लावली. मग त्यांनी मिटलेल्या वहीकडे पाहिले, आणि शास्त्रीबुवांकडे पाहिले.

“अर्धा केस खाली आहे,” त्या म्हणाल्या.

शास्त्रीबुवांनी वही हळूच पुढ्यात ओढली.

“काडी आज जरा वाळलीय,” चंचलाबाई म्हणाल्या. “आखडली असेल.” त्यांनी नोंदवहीत शेरा लिहिला: ‘सर्व चित्रे जागच्या जागी.’ मग दार लोटून घेतले, शास्त्रीबुवांच्या शेजारी टुणकन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “हं. आता चौथं हलवा.”

तात्पर्य: बाळांनो, जे येत नाही ते भर दरबारात, वही उघडी ठेवून करावे; त्याला राजाश्रय मिळतो. जे येते ते मात्र पहाटे, दार लोटून करावे, आणि लोक उठण्यापूर्वी जागच्या जागी ठेवून द्यावे.